आस्गरचं तिसरं कडवं

आस्गर थोरूप पावासाठी शेजारच्या गावाला जाऊ लागला, तेव्हा आमच्या स्कोल्बी गावातल्या लोकांना वाटलं, आमच्या दुकानातल्या पावाला काहीतरी झालं असावं. पावाला काही झालं नव्हतं. दुकानात शेजारीण योर्दिस भेटेल या भीतीनं हा अठ्ठावन्न वर्षांचा माणूस सायकल घेऊन खाडीच्या कडेकडेनं लांबचा वळसा घालत होता. समोरून कुणी आलं की खाली मान घालून साखळी तपासल्यासारखं करायचा. ज्याच्या तोंडाला गावात कुणी लागत नसे, त्याच्यावर ही वेळ आली होती.

गावातले लोक आस्गरला दोन कामांसाठी फोन करायचे. कुणाचा मोठा वाढदिवस किंवा लग्नाची पंचविशी आली की गाण्यासाठी, आणि संगणक रुसला की दुरुस्तीसाठी. दोन्ही कामं तो फुकट करायचा आणि दोन्हींचा त्याला थोडा गर्व होता. थोडा म्हणतोय तो माझा चांगुलपणा.

गाण्याशिवाय आमच्याकडे मेजवानी होतच नाही. सगळ्यांच्या ओळखीची चाल घ्यायची, ज्याचा समारंभ त्याचे किस्से यमकात बसवायचे, वर देशाचा लाल-पांढरा झेंडा छापायचा आणि प्रत्येक ताटाशेजारी एकेक कागद ठेवायचा. सूप संपलं की सगळ्यांनी मिळून गायचं. आधी वाचून ठेवायचं नाही, आणि सुरू झालं की मध्ये थांबायचं नाही. थोडी थट्टा हवीच. थट्टा नसेल तर माणूस हिरमुसतो. आस्गरचं यमक कधी लंगडत नसे. लोक म्हणायचे, याच्या गाण्यासाठी तरी सत्तर वर्षं जगावं.

पोटापाण्यासाठी तो गाईंचा सल्लागार होता. गोठ्यागोठ्यांत जाऊन दुधाचे आकडे बघायचे आणि कुठल्या गाईला काय खायला घालावं ते शेतकऱ्याला सांगायचं. लॅपटॉप कायम बगलेत. आणि त्या लॅपटॉपच्या तऱ्हा जागोजागी वेगळ्या. कचेरीत त्याला नेटवर्कचा ठरावीक पत्ता द्यावा लागे, तिथला प्रिंटर जोडावा लागे, आवाज बंद ठेवावा लागे. गोठ्यात इंटरनेट फोनवरून घ्यायचं आणि परक्या कुणी आत डोकावू नये म्हणून लॅपटॉपची सगळी दारं बंद करायची. घरी सगळं सताड उघडं, घरचा प्रिंटर, घरची गाणी. हे सगळं दर वेळी हातानं बदलावं लागे. एकदा तो बदलायला विसरला आणि नॉरगोरच्या गोठ्यात शेतकरी, त्याची बायको आणि कुत्रा तिघंही बघत असताना नुसता बटणं दाबत बसला. "आमच्या गाईला तरी लवकर कळतं," नॉरगोर म्हणाला होता. ते आस्गरला फार लागलं.

मग त्यानं लॅपटॉपमध्ये अशी सोय करून घेतली, की उघडल्याबरोबर त्यानं आधी आजूबाजूला वायफायचा कुठला डबा आहे ते बघायचं. प्रत्येक डब्याला कारखान्यातूनच स्वतःचा एक क्रमांक मिळालेला असतो. कचेरीतल्या डब्याचा क्रमांक दिसला की कचेरीची मांडणी, घरच्याचा दिसला की घरची, अनोळखी दिसला की गोठ्याची. कुठली मांडणी चालू आहे ते कळावं म्हणून पडद्याच्या कोपऱ्यात चित्र यायचं. कचेरीला टाय, घराला घर आणि बाकी जगाला गाय.

"मी कुठे आहे ते मला सांगावंच लागत नाही," तो येईल त्याला दाखवायचा. "त्याचं त्यालाच कळतं."

"तुझंही तसंच आहे की," त्याची बायको मेरेते म्हणायची. "कचेरीत एक आस्गर, सभागृहात दुसरा, आणि माझ्या नशिबी हा असला."

हा असला म्हणजे काय, ते तिलाच ठाऊक होतं. आस्गर प्रत्येक गाणं दोनदा लिहायचा. आधी घरची प्रत. तिच्यात मनातलं सगळं विष ओकून घ्यायचं, दोन कागद छापायचे, एक तिला, एक स्वतःला, आणि स्वयंपाकघरात दोघांनी पोट धरून हसायचं. मग ते कागद शेगडीत. त्यानंतर दूध-साखर घातलेली दुसरी प्रत, ती समारंभाला. यात कुणाचं काही बिघडत नाही असं दोघांनाही वाटायचं.

त्या हिवाळ्यात आस्गरची आई एल्ना गावाच्या टोकाच्या वृद्धाश्रमात होती. डोळे गेले होते, आठवणही जायला लागली होती. सुरुवातीला आस्गर दर रविवारी जायचा, मग एक रविवार सोडून, मग कामातून जमेल तसा. माणूस वाईट नव्हता. पण तिथे गेलं की काय बोलावं ते त्याला सुचत नसे, आणि ज्याला नेहमी सुचतं त्याला ते फार जड जातं. आई हात धरून बसायची आणि हा खिडकीतून गाडी कुठे लावली ते बघायचा.

रोज जायची ती योर्दिस. त्यांची शेजारीण, जन्मभर गावात टपाल वाटलेली, लग्न न केलेली, उंच, घोगऱ्या आवाजाची बाई. निवृत्त झाली तरी पायांची सवय गेली नव्हती. पिशवीत टपालाच्या जागी पाव घालून ती आजारी माणसांच्या घरी फिरायची.

मार्चमध्ये एकदा दुकानात, चीजच्या कपाटापाशी, तिनं आस्गरला गाठलं. "आस्गर, तुझी आई वाट बघते रे तुझी."

"काम असतं मला, योर्दिस."

"ते माहितेय. पण ती रोज विचारते. मी रोज काय सांगू?"

तिचा आवाज असा, की हळू बोललं तरी दुकानभर जातो. गल्ल्यावरची मुलगी वस्तू हातात धरून तशीच थांबली. आस्गर कानापर्यंत लाल झाला, चीज तिथेच टाकून बाहेर पडला. योर्दिसचा सत्तरावा वाढदिवस मे महिन्यात होता आणि गाणं त्याच्याकडेच होतं. घरी आल्या आल्या तो कोट न काढता टेबलाशी बसला आणि त्यानं घरच्या प्रतीचं तिसरं कडवं लिहिलं.

दुखणं दिसलं की ही हजर, कॉफी मिळते फुकट,
पोर ना बाळ, परक्या आईला गोचिडासारखी चिकट.
म्हातारी डोळे मिटते कधी, बसते टपून उशाशी,
नाव लागेल मृत्युपत्रात, आस एवढी मनाशी.

नेहमीप्रमाणे त्यानं दोन कागद छापायला सोडले. प्रिंटर त्या आठवड्यात बिघडला होता. नुसता घरघरला, कागद काही आला नाही. आस्गरनं त्याला एक शिवी हासडली आणि पडद्यावरूनच मेरेतेला वाचून दाखवलं. पहिल्या ओळीला ती हसली. शेवटच्या ओळीला हसली नाही. "हे जरा जास्तच झालं हं," असं म्हणून ती बटाटे सोलायला गेली. आस्गरचाही राग तोवर ओसरला होता. दुसऱ्या दिवशी त्यानं तेवढं कडवं बदलून सभ्य प्रत लिहिली आणि पहिली विसरून गेला.

एप्रिलमध्ये आई गेली. आस्गर पोचला तेव्हा सगळं संपलं होतं आणि खोलीची खिडकी उघडलेली होती. उशाशी योर्दिस होती. त्यानं तिचा हात हातात घेऊन आभार मानले, आणि ते आभार खरे होते.

त्याच महिन्यात घरी वायफायचा नवा डबा आला. मेरेतेनं वैतागून नवा प्रिंटरही आणला. आमच्याकडे जुनी वस्तू टाकत नाहीत, गावच्या सभागृहाला देतात. त्यामुळे तिथे प्रत्येक घराचे विजोड कप आणि डुगडुगत्या खुर्च्या सापडतील. आस्गरनं जुना डबा आणि जुना प्रिंटर सभागृहाच्या मागच्या खोलीत नेऊन जोडून दिले. सभागृह सांभाळणारा विली खटपट्या माणूस. त्यानं प्रिंटरची रबरी चाकं स्पिरिटनं पुसली आणि तो मुकाट चालायला लागला. लॅपटॉपमध्ये आस्गरनं नव्या डब्याचा क्रमांक घर म्हणून घातला. जुन्याचा क्रमांक आणि त्याच्याबरोबरचा जुना प्रिंटर काढायचं त्याला सुचलं नाही.

वाढदिवसाच्या दिवशी सभागृह भरून गेलं होतं. जन्मभर टपाल वाटलेल्या बाईच्या ओळखी काय कमी असणार! ऐन वेळी ओल्बोरहून तिच्या दोन भाच्या न कळवता आल्या आणि योर्दिसनं आपल्या आणि भाऊ कार्स्टनच्या ताटाजवळचे गाण्याचे कागद उचलून त्यांना देऊन टाकले. "आम्हाला दोघांना नसले तरी चालतील," ती म्हणाली.

"वा! जिचं गाणं तिलाच कागद नाही?" आस्गर म्हणाला. "थांब, दोन छापून आणतो."

मागच्या खोलीत त्यानं विलीसमोर लॅपटॉप उघडला. कोपऱ्यात गाय यायला हवी होती. आलं घर.

"अरे, तुझा गडी इथे घरच्यासारखाच वागायला लागला की," विली म्हणाला.

"जुना डबा ओळखला त्यानं. जुना प्रिंटरही शोधला असेल, बघ," आस्गर म्हणाला. क्षणभर थांबून विचार करायचं सोडून तो खूष झाला. "शहाणा आहे. काहीसुद्धा सांगावं लागत नाही." त्यानं दोन प्रती सोडल्या. प्रिंटर लगेच घरघरायला लागला.

"तू जा, सूप संपत आलंय," विली म्हणाला. "कागद मी नेऊन देतो."

आस्गर सभागृहात जाऊन उभा राहिला, घसा साफ केला आणि चाल धरली. विली धावत आला, योर्दिस आणि कार्स्टनपुढे एकेक कागद ठेवून गेला. वर तोच झेंडा, तेच नाव. सगळे गाऊ लागले. टपालाच्या सायकलीचं पहिलं कडवं झालं, तिला चावलेल्या कुत्र्यांचं दुसरं झालं. योर्दिस स्वतःच्याच गाण्यात सगळ्यांच्या वर आवाज लावून गात होती. मग तिसरं आलं.

दुखणं दिसलं की ही हजर, हाती पाव ताजा,
हिच्या हातची कॉफी पिऊन आजारी होतो राजा!

अर्ध्या ओळीनंतर योर्दिसचा आवाज थांबला. आस्गरचं लक्ष होतं तिच्याकडे. तिनं कागद जरा लांब धरला, मग जवळ घेतला. तिला गहिवरून आलं, असं आस्गरला वाटलं, आणि आपल्या लेखणीचं त्याला कौतुक वाटलं. हे त्याला पुढे सगळ्यात जास्त छळणार होतं. चौथ्या कडव्याला ती पुन्हा गायला लागली, पहिल्याइतकीच मोठ्यानं. जयजयकार झाला. ती उभी राहिली, कागदाची नीट घडी घातली आणि पर्समध्ये ठेवली.

"आस्गरला माझ्याबद्दल काय वाटतं ते आज मला कळलं," ती म्हणाली. "हे मी जपून ठेवीन."

सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आस्गर कमरेत वाकला.

केक आणि कॉफीच्या वेळी तो लॅपटॉप आणायला मागच्या खोलीत गेला. प्रिंटरच्या तोंडाशी दोन कागद पडले होते. त्यानं सहज उचलून वाचले. हाती पाव ताजा. आजारी होतो राजा. आत्ता छापलेल्या चांगल्या प्रती, दोन्हीच्या दोन्ही, इथेच. मग विलीनं नेलं ते काय?

मार्चमध्ये सोडलेलं ते छपाईचं काम कुठे गेलंच नव्हतं. जुना प्रिंटर भेटेपर्यंत लॅपटॉपमध्ये रांगेत उभं होतं. आज लॅपटॉपला वाटलं आपण घरी आलो, आणि घरी जे करायचं राहिलं होतं ते त्यानं आधी केलं. पहिले दोन कागद बाहेर आले ते विलीनं उचलले आणि पळाला. यंत्रानं सांगितल्याप्रमाणेच सगळं केलं होतं, शब्दही सगळे आस्गरचेच होते.

तो कसाबसा परत आला. कार्स्टनचा चष्मा घरी राहिला होता, त्यानं नुसते ओठ हलवले होते. त्याचा कागद कॉफीच्या बशीखाली होता. आस्गरनं तो हळूच ओढून खिशात कोंबला. दुसरा योर्दिसच्या पर्समध्ये होता. ती भाच्यांना केक वाढत होती. गोचिडासारखी चिकट. पोर ना बाळ. हे तिनं स्वतःच्या वाढदिवशी, भरल्या ताटावर, सगळं गाव तोंडभर कौतुक गात असताना वाचलं होतं, आणि पुढचं कडवं गायली होती. आस्गरला मेल्याहून मेल्यासारखं झालं. धरणी पोटात घेईल तर बरं, असं त्याला त्या दिवशी खरोखरच वाटलं. मेरेतेनं त्याचा चेहरा पाहिला आणि काही न विचारता दोघांचे कोट आणले.

तेव्हापासून शेजारच्या गावचा पाव. आमच्याकडे मेजवानीनंतर पहिल्यांदा भेट झाली की "त्या दिवसाचे आभार" म्हणावंच लागतं, मग भेट रस्त्यात होवो की दवाखान्यात. ते न म्हणणं म्हणजे तोंडावर दार लावणं. आणि आस्गरच्या तोंडून ते तीन शब्द निघणार नव्हते. कशाचे आभार मानणार होता तो? त्यानं लॅपटॉपमधून जुन्या डब्याचा क्रमांक पुसला, रांग रिकामी केली, दोनदा तपासली. त्यानं काही हलकं वाटलं नाही. एका जोडप्यानं लग्नाच्या पंचविशीचं गाणं मागितलं, तर हात दुखतो म्हणाला. आरशात दाढी करतानासुद्धा तो स्वतःकडे नीट बघत नसे. कुंपणापलीकडे योर्दिसच्या दाराचा आवाज आला की खिडकीपासून मागे सरायचा.

शेवटी मेरेतेच म्हणाली, "तू जातोस की मी जाऊ? पहिल्या ओळीला हसले मीही होते."

तो गेला. योर्दिस बागेत वाकून रुबार्बचे आंबट देठ काढत होती. त्याला पाहून ती सरळ झाली आणि हात कमरेला पुसत उभी राहिली. सांगायचं सगळं तो पाठ करून आला होता, ते कुठल्या कुठे गेलं.

"त्या दिवसाचे आभार," तो पुटपुटला.

"आभार तुझेच," ती म्हणाली, जसं म्हणायचं असतं तसं. "ये आत. कॉफी टाकते."

"नको, कॉफी नको."

"का रे? फुकट आहे."

आस्गर मुकाट्यानं आत गेला. स्वयंपाकघरात बसल्यावर त्यानं डबा, प्रिंटर, रांग असं सगळं सांगायला सुरुवात केली. तिनं ऐकून घेतलं.

"म्हणजे यंत्राची चूक झाली म्हणतोस."

"नाही."

"मग?"

"मी लिहिलं होतं," तो म्हणाला. "मीच. दुकानातून रागावून आलो आणि लिहिलं. मला तोंड दाखवायची लाज वाटते, योर्दिस. तो कागद फाडून टाक. माझ्यासमोर फाड."

"तो माझ्या वाढदिवसाचा आहे. राहू दे." तिनं कप पुढे सरकवला. "मृत्युपत्राचं खोटं आहे. ते मला लागलं. पण चिकट म्हणालास ते काही अगदीच खोटं नाही. घरी आलं की मला बोलायला कोण आहे? मी तुझ्या आईकडे माझ्यासाठीसुद्धा जात होते." "आणि दुकानात चारचौघांत तुला बोलले ते चुकलंच माझं. पण मी दमले होते रे."

"कशानं?"

"तू होऊन."

आस्गरला कळलं नाही.

"तिला दिसत नव्हतं," योर्दिस म्हणाली. "मी आत गेले की हात पुढे करायची आणि विचारायची, आस्गर? मी म्हणायची, नाही गं एल्ना, मी योर्दिस. मग रडायची. रोज पहिल्यांदा कळल्यासारखी रडायची. एक दिवस मला ते बघवेना. तिनं विचारलं, आस्गर? मी म्हटलं, हो. माझा आवाज हा असा घोगरा. तिनं मानलं. मग ते मागे घेता येईना. शेवटपर्यंत मी तूच होते."

आस्गरनं टेबलाची कड धरली. खिडकीबाहेर त्याचंच घर दिसत होतं, तिथून वृद्धाश्रमापर्यंत सायकलनं जायला किती थोडा वेळ लागतो ते त्याला माहीत होतं. त्याला रडायचं होतं, पण या घरात, या बाईसमोर, आपल्याला तो हक्क नाही असं वाटून त्यानं रडू गिळलं. लहान मुलानं विचारावं तसं त्यानं विचारलं, "मी काय बोलायचो तिच्याशी?"

योर्दिसनं आठवून पाहिलं. "गाईंचं बोलायचास. नॉरगोरकडे दूध वाढलं, कुणाच्या गाईला जुळं झालं. मला त्यातलं काय कळतंय? दुकानात कानावर पडे ते सांगायची. तिला फार आवडायचं. म्हणायची, माझा आस्गर हुशार आहे, त्याला सगळं ठाऊक असतं."

"आणि निघताना?"

"निघताना म्हणायचास, उद्या येतो."

कॉफी निवत चालली होती. आस्गरनं कप दोन्ही हातांत धरला होता.

"आणि यायचास," योर्दिस म्हणाली.